220 क्रमांकाचे लेणे बाहेर काढले तेव्हा

चार नर्तकी आहेत. दोघीदोघींच्या जोड्या, प्रत्येकीच्या पायाखाली लहानसा वाटोळा गालिचा, ओढण्या वाऱ्यावर. दोन्ही बाजूंना वादक बसलेले, मधे दिव्यांचा मनोरा, आणि मागे ओळीने उभे सात भैषज्यगुरू, म्हणजे रोग बरे करणारे, बुद्ध. चीनच्या गान्सू प्रांतात दुनहुआंगजवळ मोगाओची लेणी आहेत. तिथल्या 220 क्रमांकाच्या लेण्याची ही उत्तर भिंत. लेण्यातल्या लेखात साल सापडते ते 642. ह्युएन त्संग तेव्हा भारतात होता, महाराष्ट्र पाहून नुकताच पुढे गेला होता. दुसरा पुलकेशी पल्लवांशी लढताना पडला तो याच सुमारास. परतीच्या वाटेवर हा भिक्खू दुनहुआंगवरून गेला, तेव्हा या भिंतीचा रंग जेमतेम दोनतीन वर्षांचा होता.

2012 साली या चौघी हलल्या. मूळ भिंतीवर नव्हे, हाँगकाँगमधल्या एका गोल पडद्यावर. आणि वर्ष संपतासंपता वॉशिंग्टनच्या सॅकलर गॅलरीत. प्रकल्पाचे नाव 'प्युअर लँड', म्हणजे आपल्या शब्दांत सुखावती, अमिताभ बुद्धाचा शुद्ध लोक. सारा केंडरडाइन आणि जेफ्री शॉ या जोडीने तो हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या प्रयोगशाळेत, लेण्यांची देखभाल करणाऱ्या दुनहुआंग अकादमीने केलेल्या छायाचित्रणाच्या आणि लेझर मोजणीच्या आधारावर उभा केला. (हंपीचे गोल पडद्यावरचे दर्शनही त्याआधी याच जोडीने घडवले होते.) संग्रहालयात आभासी वास्तव आले की बघणाऱ्याच्या पदरात भूतकाळाचे नेमके काय पडते, हे तपासायला मला हे प्रकरण सर्वांत सोयीचे वाटते. एकाच ठिकाणची लेणी इथे गोल पडद्यावर आली, हातातल्या टॅबलेटवर आली, लाकूड-मातीच्या प्रतिकृतीत आली, घुमटावरच्या चित्रपटात आली आणि शेवटी डोक्यावर चढवायच्या हेडसेटमध्येही आली. शिवाय मूळ लेणी जागेवर आहेतच. ताडून पाहायची इतकी सोय दुसरीकडे क्वचितच मिळते.

श्वास आणि मीठ

आधी लेणे बाहेर काढायची वेळ का आली ते सांगायला हवे.

मोगाओची टेकडी आपल्या सह्याद्रीसारखी काळ्या दगडाची नाही. ती वाळू आणि गोट्यांच्या ठिसूळ थरांची आहे. त्यात छिन्नीने मूर्ती निघत नाही. म्हणून कारागिरांनी खोली खोदली, भिंतींना माती आणि गवताच्या काड्यांचा गिलावा केला, त्यावर रंगवले, आणि मूर्ती मातीच्या घडवल्या. परंपरेप्रमाणे पहिले लेणे 366 साली खोदले गेले, आणि पुढे हजार वर्षे काम चालू राहिले. आज 492 लेण्यांत चित्रे आहेत, भित्तिचित्रांचे क्षेत्रफळ 45 हजार चौरस मीटर भरते.

या गिलाव्यात आणि मागच्या खडकात मीठ आहे. वाळवंटाच्या कोरड्या हवेत ते स्वस्थ पडून असते. हवेत ओल वाढली की ते पाणी ओढते, विरघळते. ओल उतरली की पुन्हा त्याचे खडे होतात आणि ते वरच्या रंगाला आतून ढकलतात. मग पोपडे येतात. बहुतेक लेणी 25 चौरस मीटरपेक्षाही लहान. अशा खोलीत 25 माणसे शिरली, दार उघडे राहिले, बाहेर पाऊस असला, की झालेच. श्वास, घाम, ओले कपडे, सगळे भिंतीला जाऊन लागते. 2012 च्या ऑक्टोबरच्या सुट्टीत एका दिवसात 18 हजारांहून जास्त माणसे तिथे येऊन गेली. अमेरिकेतल्या गेटी संवर्धन संस्थेबरोबर दुनहुआंग अकादमी 1989 पासून काम करत होती. लेणे किती माणसे सोसू शकते, याचा हिशेब त्यातूनच पुढे आला.

220 क्रमांकाचे लेणे तर आणखी जपायचे. नंतरच्या काळात कुणीतरी त्यावर दुसरा गिलावा चढवून नवी चित्रे काढली होती. तो थर 1940 च्या दशकात काढला, तेव्हा खालचे 642 चे रंग उघडे पडले. शतकानुशतके झाकलेले असल्यामुळेच ते इतके तजेलदार राहिले. दुसऱ्या कित्येक लेण्यांत शिसे असलेला लाल रंग काळवंडून गेला आहे, गोरे बोधिसत्त्व काळे झाले आहेत. हे लेणे नेहमीच्या तिकिटात येत नाही. उघडलेच तर वेगळे पैसे भरून, आणि तेही थोड्या वेळासाठी.

गोल खोलीतले चौकोनी लेणे

गोल पडद्याची मांडणी अशी: 10 मीटर व्यासाचे आणि 4 मीटर उंचीचे रिंगण, चारी बाजूंनी प्रक्षेपण, डोळ्यांवर थ्रीडी चष्मा. एका वेळी तीसेक माणसे मधोमध उभी राहतात. हेडसेट नाही, म्हणून शेजारचा माणूस दिसतो, मुलाचा हात धरता येतो, कुजबुजता येते. देवळाच्या गाभाऱ्यासमोर उभे राहिल्यासारखेच ते. मला ही गोष्ट साधी वाटत नाही. लेणी एकट्याने पाहण्यासाठी कधी खोदलीच नव्हती.

आधी अंधार, मग बॅटरीच्या झोताएवढे वर्तुळ भिंतीवरून फिरते. झोत जिथे पडेल तेवढेच चित्र. अजिंठ्याला सतरा नंबरात पूर्वी पहारेकऱ्याच्या बॅटरीमागे मान फिरवत ज्यांनी चित्रे पाहिली, त्यांना हा अनुभव सांगायला नको. मग भिंत पूर्ण उजळते. मग एखादा भाग भिंतीतून सुटून पुढे येतो, मोठा होतो: वादकाच्या बोटांतले वाद्य, दिव्यांची उतरंड, धूपपात्र. फिकट झालेले रंग मूळ असतील तसे भरून दाखवले जातात. आणि शेवटी गालिच्यांवरच्या नर्तकी नाचू लागतात. त्यासाठी बीजिंग डान्स अकादमीच्या नर्तकींचे चित्रीकरण करून ते भिंतीत बसवले होते.

या चार पायऱ्या एका धाग्यात ओवल्या आहेत, पण त्यांचा दर्जा एक नाही. माझा मुद्दा इथूनच सुरू होतो.

बॅटरीचा झोत ही पाहण्याची रीत झाली. त्यात कुणी काही घातलेले नाही. चित्र मोठे करून दाखवणे ही मूळ लेण्यात न मिळणारी सवलत आहे, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला खरा लाभ तोच. प्रत्यक्ष लेण्यात भिंतीपासून लांब उभे राहावे लागते, वरच्या रांगेतले चेहरे कळत नाहीत, आणि काही मिनिटांत पुढे सरकावे लागते. पडद्यावर एकच वादक मिनिटभर पाहता येतो. रंग भरून दाखवणे हा अभ्यासकांचा अंदाज. रंगद्रव्यांच्या तपासणीवर उभा, पण अंदाजच. आणि नाच? भिंतीवर एक क्षण आहे. त्याच्या आधीचे पाऊल कोणते, नंतरचे कोणते, लय द्रुत की विलंबित, यातले काहीही भिंत सांगत नाही. ते आजच्या नृत्यदिग्दर्शकाने बसवले. सुंदर बसवले असेल. पण प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर ते त्याच भिंतीतून, त्याच उजेडात, तितक्याच ठळकपणे येते. 642 चे काय आणि 2012 चे काय, हे वेगळे ओळखायची खूण चष्म्यात नसते.

आणखी एक बारकी गोष्ट. लेणे चौकोनी, पडदा गोल. लेण्यात शिरलेला माणूस समोरच्या भिंतीवरच्या बुद्धाकडे तोंड करतो. डावी-उजवीकडची चित्रे मग येतात, आणि दाराच्या दोहों अंगांची, गृहस्थ विमलकीर्ती आणि बोधिसत्त्व मंजुश्री यांच्या वादाची, सगळ्यांत शेवटी, परत फिरताना. समोर, बाजू आणि पाठ यांना अर्थ आहे. रिंगणात कोपरे नसतात आणि पाठही नसते.

त्याच वर्षी या चमूने दुसरा प्रयोग केला. लेण्याच्या खऱ्या मापाची चौकोनी खोली, भिंतींवर फक्त रेघांची आकृती, आणि प्रेक्षकाच्या हातात टॅबलेट. टॅबलेट भिंतीकडे धरला की खिडकीतून पाहावे तसे त्या जागेचे चित्र त्यात उमटते; वर धरला की छत. इथे पाहणाऱ्याला चालावे लागते, वाकावे लागते, हात उंच धरून टाचा उचलाव्या लागतात. टॅबलेट मोजके, माणसे जास्त, म्हणून एकाच्या मागे चारजण माना पुढे काढून फिरतात. वैभव गोल पडद्यापेक्षा कमी, पण लेण्याचा आकार अंगाने कळतो तो इथेच.

गेटीतला गणपती

2016 च्या मे ते सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी सेंटरमध्ये दुनहुआंगचे प्रदर्शन भरले. त्याची मांडणी एखाद्याने मुद्दाम तुलनेसाठी केली असावी अशी होती. बाहेरच्या अंगणात 275, 285 आणि 320 या तीन लेण्यांच्या पूर्ण मापाच्या प्रतिकृती, दुनहुआंगच्या चित्रकारांनी हाताने रंगवलेल्या. आत मूळ वस्तू, त्यांत ब्रिटिश लायब्ररीने दिलेली 868 सालची छापील वज्रच्छेदिका, म्हणजे एक बौद्ध सूत्र. आणि तिसऱ्या दालनात थ्रीडी चष्मा लावून 45 क्रमांकाचे लेणे.

285 बद्दल मराठी वाचकाला वेगळे सांगायला हवे. त्यातल्या लेखांत 538 आणि 539 ही साले आहेत. आपल्या विहारांसारख्या बाजूच्या भिंतींत ध्यानाच्या लहान लहान खोल्या. समोरच्या भिंतीवर बुद्धाच्या आजूबाजूला सूर्य आहे, चंद्र आहे, नंदीवर बसलेला महेश्वर आहे, कुमार म्हणजे कार्तिकेय आहे आणि हत्तीचे तोंड असलेला विनायक आहे. गोबीच्या कडेला, अजिंठ्याचा वाकाटक काळ सरून पन्नास-साठ वर्षे झाली असताना, कुणीतरी गणपती काढला. छतावर मात्र अस्सल चिनी मंडळी: फू-शी आणि न्यू-वा हे पुराणातले आदिदांपत्य, आणि भोवती ढोलांचे कडे घेतलेला मेघगर्जनेचा देव.

प्रतिकृतीत शिरल्यावर माणसाच्या देहाला कळते ते हे: उंबरा, डोक्यावरचे उतरते छत, आवाजाचे दबणे, बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळ्यांचा पहिला आंधळेपणा. ध्यानाच्या खोलीत मांडी घालून बसले तर गुडघे दोन्ही भिंतींना लागतील, हे कुणी सांगावे लागत नाही. उलट 45 च्या चष्म्यात अंतर संपते. या लेण्यात आठव्या शतकातला सात मूर्तींचा मातीचा संच आहे: मधे बुद्ध, तरुण आनंद, वृद्ध काश्यप, दोन बोधिसत्त्व, दोन लोकपाल. प्रत्यक्षात त्या चौथऱ्यावर, आपण खाली. चष्म्यात आनंदाच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणता येतो. दक्षिण भिंतीवर संकटात धावून येणाऱ्या अवलोकितेश्वराच्या कथेतले व्यापारी आहेत, दाढीवाले परदेशी, तलवारी घेतलेल्या लुटारूंपुढे थबकलेले, गाढवांवरचा माल खाली ठेवलेला. रेशीममार्गावर माणसाला कसली भीती वाटायची, ते या एका चौकटीत जितके कळते तितके नकाशाने कळत नाही. आणि ही चौकट मूळ लेण्यात सहज नजरेतून सुटते.

कुठले चांगले, हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. प्रतिकृती जागा देते, चष्मा जवळीक देतो. वस्तू देते ती तिसरीच गोष्ट: हाच कागद तेव्हा होता, ही खात्री. गेटीने तिन्ही शेजारी ठेवली म्हणून प्रत्येकाची उणीव उघडी पडली, आणि ती उघडी पडू देणे हे त्या मांडणीचे मोठेपण होते. एकट्या चष्म्याचे दालन असते, तर लोक लेणे पाहिल्याच्या समजुतीत घरी गेले असते.

नकलाकारांचा नियम

दुनहुआंगला भिंतीची नक्कल करणे नवे नाही. 1944 मध्ये तिथे संस्था (आजची दुनहुआंग अकादमी) उभी राहिली तेव्हापासून चित्रकारांचे मुख्य कामच ते. पॅरिसमध्ये शिकून नाव कमावलेले चित्रकार, संस्थेचे पहिले संचालक चांग शुहोंग या वाळवंटात आले आणि काही दशके तिथे राहिले. त्यांच्या हाताखाली घडलेल्या पिढीने नकलेचे तीन प्रकार पक्के केले. एक, आज जसे आहे तसे: भेग असेल तर भेग, पोपडा असेल तर पोपडा. दोन, जुना रंग राखून, पण तुटके थोडे सावरून. तीन, मूळ असेल तसे पूर्ण. तुआन वेन्चिए यांनी 1955 मध्ये 130 क्रमांकाच्या लेण्यातल्या सरदारपत्नीच्या मिरवणुकीची तिसऱ्या प्रकारची प्रत केली. भिंतीवरचे चित्र तेव्हाच विरत चालले होते, आज तर जवळजवळ गेलेलेच आहे. ती प्रत आता अभ्यासकांचा आधार आहे. पण ती तिसऱ्या प्रकारची आहे हे कुणी लपवत नाही.

आपल्याकडे अजिंठ्याचीही कथा अशीच. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल 1844 पासून वर्षानुवर्षे नकला करत राहिला, त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन 1872 ते 1885 पुन्हा काम केले; त्यातलाही मोठा भाग लंडनच्याच दुसऱ्या आगीत जळाला. उरलेल्या कापडांवर असे काही तुकडे आहेत, जे आज भिंतीवर नाहीत. नक्कल ही अशी उलटून पुरावा होते. म्हणूनच नकलाकाराने आपले किती घातले, हे सांगणे भाग असते.

आभासी लेण्याची माझी तक्रार एवढीच. पहिल्या प्रकारात सुरुवात करून ते तिसऱ्यात जाते, नाचापर्यंत आले की चौथ्यात, आणि वाटेत कुठेच पाटी नसते. तंत्राची ही अडचण नाही. भरलेला रंग बोटाच्या एका टिचकीने काढता येईल, नाच सुरू होताना भिंत क्षणभर तशीच दाखवता येईल. कागदावरच्या चित्रकाराला हे जमणारे नव्हते. संगणकाला चुटकीसरशी जमते. न करण्याचे कारण बहुधा हेच, की त्यामुळे भूल तुटते.

आधी चित्रपट, मग लेणे

2014 मध्ये लेण्यांपासून पंधराएक किलोमीटरवर पर्यटक केंद्र उघडले. पूर्ण तिकीट घेणाऱ्याला आधी इथे दोन चित्रपट पाहावे लागतात, वीसएक मिनिटांचा एकेक. पहिला इतिहासाचा, दुसरा घुमटाकार पडद्यावर, त्यात लेणी डोक्यावरून तरंगत जातात. मग बसने लेण्यांकडे, आणि मार्गदर्शकाबरोबर आठ लेणी. अशी तिकिटे दिवसाला 6 हजार. गर्दीच्या दिवसांत चित्रपटाशिवाय चार लेण्यांचे वेगळे तिकीट निघते. यामागचा हिशेब सरळ आहे: इतिहास बाहेर सांगून झाला की आत कमी बोलावे लागते, कमी थांबावे लागते, कमी श्वास सोडावा लागतो. 1998 ते 2014 अकादमीच्या प्रमुख असलेल्या फान चिन्शी यांनी हा आग्रह लावून धरला. लेणी वाचवण्याच्या दृष्टीने त्याला तोड नाही.

पण अनुभवाच्या दृष्टीने क्रम उलटा पडतो. घुमटावर लखलखते, प्रचंड, वाद्यसंगीतात न्हालेले लेणे आधी पाहिले. तासाभराने खरे समोर येते ते अंधारे, लहान, काळवंडलेल्या चेहऱ्यांचे, आणि फोटो काढायला बंदी. आपण वऱ्हाडात मिरवलेली नवरी दुसऱ्या दिवशी चुलीपाशी पाहतो, तशातला प्रकार. माझ्या हाती असते तर मी बॅटरीच्या झोतापुरता चित्रपट आधी ठेवला असता आणि घुमट परतीच्या वाटेवर.

2023 मध्ये तिथेच 285 चे लेणे हेडसेटमध्ये आले. आता प्रेक्षक जमिनीवरून उठतो, छतापर्यंत जातो, मेघगर्जनेच्या देवाबरोबर ढोल बडवतो. मुलांना ते आवडणार यात शंका नाही, आणि ज्या छताकडे मान दुखेपर्यंत पाहूनही काही कळत नाही, ते जवळून दिसणे ही मोठीच सोय. मला तरी त्या हेडसेटमध्ये ढोल बडवायचा नाही. मी पश्चिमेच्या भिंतीपाशी खाली जाईन आणि विनायकापुढे थांबेन.

अजिंठ्याच्या पायथ्याशीही 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांच्या प्रतिकृती असलेले केंद्र बांधले गेले, 2013 मध्ये उघडले, आणि पुढे थकलेल्या पाणी-विजेच्या बिलांपायी बंद पडले. त्यामुळे दुनहुआंगची गोष्ट ऐकून लगेच हेडसेटची निविदा काढायला निघणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की आधी वीज लागते. दुनहुआंगला आभासी लेणे चालते, कारण त्याच्यामागे सत्तर-ऐंशी वर्षे रोज भिंतीसमोर बसून नकला करणारी माणसे आहेत. कॅमेऱ्याने काय टिपावे आणि कुठल्या रेषेवर विश्वास ठेवू नये, हे त्यांना ठाऊक असते.

मोगाओला प्रत्येक लेण्याला दार आहे आणि दाराला कुलूप. मार्गदर्शक किल्ली लावते, पंचवीसजणांना आत घेते, बॅटरी भिंतीवर धरते. झोताचे वर्तुळ वादकावर थांबते, तिथून नर्तकीच्या उचललेल्या पायावर येते. पाय उचललेलाच आहे. ती दोन वाक्ये बोलते, बॅटरी विझवते, सगळ्यांना बाहेर काढून कुलूप घालते, आणि घोळका पुढच्या दाराकडे निघतो.